रस्त्यावरचे गाणे : कायदा आणि वस्तुस्थिती
(थेरगाव येथे वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या या मालेत आजवर धम्म, शिक्षण, आरोग्य, व्यसनमुक्ती अशा विषयांवर व्याख्याने झाली. आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या, हे आमच्या कानावर आले आहे. "रस्त्यावर गाणाऱ्यांचा विषय विहारात कशाला?" असे एका जुन्या सभासदांनी सरळ विचारले. त्यांचा राग आम्हाला समजतो, कारण वर्षभरापूर्वी आमचे मतही तेच होते. ते का बदलले, हेच आज सांगायचे आहे. त्यासाठी आधी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगावी लागेल.

डांगे चौकात संध्याकाळी सहानंतर काय गर्दी उसळते, ते तुम्ही रोज पाहता. हिंजवडीकडून येणाऱ्या गाड्या, औंध-रावेत रस्त्यावरच्या बसगाड्या, चिंचवडकडे जाणाऱ्या रिक्षा, भाजीच्या हातगाड्या. त्या गर्दीत एका कोपऱ्यावर एक अंध गृहस्थ उभे राहून भीमगीते गात. वस्तीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. गळ्यात ढोलकी, शेजारी बॅटरीवर चालणारा एक छोटा स्पीकर, समोर अंथरलेला पंचा. कारखान्यातून सुटलेली माणसे घटकाभर थांबत, पाच-दहा रुपये टाकत आणि पुढे जात.

आमच्यापैकी काहींना ते खटकले. बाबासाहेबांचे नाव घ्यायचे आणि समोर पंचा पसरायचा, ही समाजाची अप्रतिष्ठा आहे, असा ठराव कार्यकारिणीत तोंडी झाला. आम्ही पाच जण मास्तरांना भेटायला गेलो. आवाज चढवला नाही, पण सांगायचे ते स्पष्ट सांगितले : मास्तर, भजनी मंडळात गा, जयंतीला गा, पण रस्त्यावर भीक मागू नका.

मास्तरांनी ढोलकीवरचा हात काढला आणि म्हणाले, "दादा, जयंतीला तुम्ही बाहेरगावची पार्टी आणता. पंधरा-वीस हजार देता. त्याला बिदागी म्हणता. गाणे रंगले की स्टेजवर जाऊन शंभराची नोट देता, माइकवर नाव पुकारायला लावता. त्याला बक्षीस म्हणता. आणि माझ्या पंच्यात पाच रुपये पडले की ती भीक कशी होते, तेवढे मला समजावून सांगा."

आम्हाला ते समजावून सांगता आले नाही. आम्ही परत आलो.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच मास्तरांचा स्पीकर उचलून नेण्यात आला. कोणी नेला, कोणत्या चौकीत नेला, हे इथे सांगण्याचे कारण नाही. पावती दिली नाही, पंचनामा केला नाही, हे मात्र खरे. मास्तर काठी टेकत आमच्याकडे आले. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. तिथे आम्हाला विचारण्यात आले, "गाण्याचे लायसन आहे का?" आम्ही गप्प, कारण असे लायसन असते की नसते, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. घटनाकारांचे अनुयायी म्हणवणारे आम्ही पाच जण एका साध्या प्रश्नापुढे निरुत्तर होऊन उभे होतो. त्या दिवसापासून आम्ही कायद्याची पुस्तके उघडली. वकील मित्रांना विचारले, दोन-तीन कार्यालयांचे उंबरे झिजवले. जे हाती लागले ते आता मांडतो.

पहिली गोष्ट. रस्त्यावर गाण्याचा परवाना देणारी खिडकी आम्हाला या शहरात कुठेही सापडली नाही. महापालिकेत विचारले तर पोलिसांकडे जा म्हणतात. पोलिसांकडे गेलो तर महापालिकेचा विषय म्हणतात. नाटकाला परवानगी आहे, तमाशाच्या तंबूला आहे, मिरवणुकीला आहे, मांडवाला आहे. एकट्या माणसाने रस्त्याच्या कडेला उभे राहून गावे, यासाठी वेगळा अर्जच नाही. परवाना मिळत नाही आणि परवाना नाही म्हणून उठवतात, अशी ही गंमत आहे.

मग कायदा काहीच बोलत नाही काय? बोलतो, आणि फार कडक बोलतो. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९ हा आपल्या राज्यातला कायदा. त्यात भीक मागणे म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे. सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे, मग ते गाणे, नाच, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा एखादी वस्तू विकणे अशा निमित्ताने असो वा नसो, ही सर्व भीकच. म्हणजे गाणे हे कायद्याच्या नजरेत निमित्त ठरते, सोंग ठरते. गाणारा चांगला गातो की वाईट, ऐकणाऱ्याने खुशीने दिले की नाही, याला तिथे जागा नाही. याच व्याख्येत, उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे किंवा थांबून राहणे हेही येते. या कायद्याखाली पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येते. न्यायालयाने भिकारी ठरवले की एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. चेंबूरचे भिक्षेकरी गृह मुंबईकरांना माहीत आहे, ते याच व्यवस्थेतले. एक कडवे गायल्याबद्दल वर्षभर कोंडून राहणे, हा हिशेब कोणत्या तराजूत बसतो ते ज्याचे त्याने पाहावे.

(व्याख्या वाचताना आम्हाला पिंडपातही आठवला. भिक्खू पात्र घेऊन शांतपणे उभे राहतात, मागत नाहीत. कोणी भन्तेजींना पकडेल असे आम्हाला म्हणायचे नाही. पण कायद्याचे शब्द किती सैल विणले आहेत, ते यावरून कळते.)

हाच कायदा दिल्लीलाही लागू केलेला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. पोटासाठी हात पसरणाऱ्याला शिक्षा करणे म्हणजे सरकारने आपल्या अपयशाची शिक्षा त्याला देणे, असा त्या निकालाचा आशय होता. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तिथला तसाच कायदा रद्द केला. २०२१ मध्ये, साथीच्या काळात, रस्त्यावरून भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा सुखवस्तू माणसाच्या नजरेने आम्ही हा प्रश्न पाहणार नाही, असे न्यायालयाने सुनावले. पण दिल्लीचा निकाल दिल्लीपुरता. महाराष्ट्रात कायद्याचे पुस्तक तसेच उघडे आहे. डांगे चौकात उभा राहिलेला मनुष्य दिल्लीचा निकाल दाखवून सुटत नाही.

दुसरा कायदा पोलिसांचा. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याच्या ३७व्या कलमाखाली साधारण चौदा-पंधरा दिवसांचे मनाई आदेश निघतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात ते येतात आणि आपण वाचत नाही. त्यात शस्त्रे, दगड, प्रतिमा जाळणे यांच्या रांगेतच 'सार्वजनिक रीतीने घोषणा करणे, गाणी म्हणणे, वाद्य वाजवणे' हे शब्द असतात. सण, जयंत्या, आंदोलने यांच्या आसपास असे आदेश वरचेवर निघतात. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे आपल्या भागाचे आदेश आता इथूनच निघतात. मंडळाच्या फळ्यावर ते लावण्याचे काम एका तरुणाने अंगावर घेतले आहे, त्याचे आम्ही कौतुक करतो.

तिसरा नियम आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरू शकतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ ही मर्यादा आहे. आता डांगे चौकात नुसत्या हॉर्नचा आवाज किती होतो, ते तिथे पाच मिनिटे उभे राहिलेल्या कोणालाही विचारा. तरी नियम तो नियम. मास्तरांचा स्पीकर लहान होता, पण त्याला परवानगी नव्हती, ही त्यांची बाजू लंगडी होती. आम्ही हे त्यांना सांगितले आणि त्यांनी मान्य केले. गळ्याला आणि ढोलकीला मात्र हा परवाना लागत नाही.

चौथी गोष्ट रस्ता अडवण्याची. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २८३ खाली दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम २८५ खाली तो पाच हजारांपर्यंत गेला. ज्याच्या पंच्यात दिवसाला तीनशे रुपये पडत नाहीत, त्याला पाच हजार. म्हणून उभे कुठे राहायचे हे फार महत्त्वाचे. पदपथाची निम्मी रुंदी तरी मोकळी राहिली पाहिजे, बसथांब्याच्या आणि दुकानाच्या तोंडाशी उभे राहू नये.

आता दुसरी बाजू, जी त्या दिवशी आम्हाला सांगता आली नाही. घटनेच्या कलम १९ ने भाषण व अभिव्यक्तीचे, देशात कुठेही फिरण्याचे आणि कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, सरसकट बंदी नाही. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांनी याच मुंबई पोलीस कायद्याखालच्या नियमाला आव्हान दिले होते. रस्त्यावर सभा घ्यायला परवानगी द्यायची की नाही, हे कोणताही निकष न देता अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले होते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. रस्ता हा केवळ ये-जा करण्यासाठी नाही, लोकांच्या सभेचीही ती जागा आहे; तिचे नियमन करा, पण मनमानी नको, असा त्याचा अर्थ. १९८९ च्या सोदान सिंग प्रकरणात रस्त्याच्या कडेला विक्री करणे हा व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा भाग मानला गेला. पुढे २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा झाला. त्यात पथविक्रेता म्हणजे वस्तू विकणारा किंवा लोकांना सेवा देणारा, असे म्हटले आहे. गाणे ही सेवा आहे काय? आमच्या मते आहे. केस कापणे आणि चपला शिवणे सेवा, आणि दिवसभर यंत्रावर उभ्या राहिलेल्या कामगाराला घटकाभर गाणे ऐकवणे सेवा नाही, हे आम्हाला पटत नाही. पण हे आमचे म्हणणे झाले. त्या कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. तिथे हा प्रश्न मांडण्याजोगा आहे.

बाहेरच्या जगात काय करतात? पॅरिसच्या भुयारी रेल्वेत १९९७ पासून गायक-वादकांची परीक्षा घेऊन त्यांना परवाने देतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून ठरलेल्या जागा आहेत, जमिनीवर खूण आखलेली असते, आणि वेळ वाटून दिलेली असते. आपल्या पुणे-लोणावळा लोकलमध्ये गाणारे अंध जोडपे आपण सर्वांनी ऐकले आहे. इथे मात्र रेल्वे कायद्याचे कलम १४४ आहे, जे विनापरवाना विक्री आणि भीक दोन्हीला एकाच दोरीत बांधते. दिल्लीत शादीपूरजवळ कठपुतळीवाले, जादूगार, डोंबारी यांची वसाहत होती, ती २०१७ मध्ये पाडली गेली. परदेशात जाऊन देशाचे नाव काढणारे कलावंत तिथे राहत होते.

येथपर्यंत कायदा झाला. पण कायद्यापेक्षा अवघड भाग आपल्या मनातला आहे. तो टाळून चालणार नाही.

आपल्या समाजाने मागणे सोडले, ते फार मोठी किंमत देऊन सोडले. वतनाची भाकर, दारोदार फिरून गोळा केलेले शिळे तुकडे, यांतून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले. १९३६ साली मुंबईत दामोदर हॉलमध्ये पोतराज, भुत्ये, आराधी, देवदासी, जोगतिणी यांच्यापुढे ते बोलले, तेव्हा ही लाजिरवाणी वाट सोडा, हेच त्यांनी सांगितले. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या एकाने कमरेचा आसूड नदीत टाकला, तो तेव्हापासूनच्या वाऱ्याने. ज्या घरात हे घडले त्या घरातल्या माणसाला रस्त्यावरचा पंचा पाहून राग येणारच. तो राग खोटा नाही, आणि आम्ही त्याची थट्टा करणार नाही.

पण त्याच चळवळीने गाणे सोडले नाही. उलट सत्यशोधकांच्या जलशाची वाट धरून आंबेडकरी जलसा उभा केला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव गेले, चावडीसमोर, वस्तीच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. त्यांना कोणते सभागृह मिळणार होते? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले आणि २००४ मध्ये जाईपर्यंत महाराष्ट्रभर गात फिरले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेब पोहोचले ते यांच्या गळ्यातून. ही मंडळी गाण्यावरच जगत होती आणि लोकांच्या देण्यावरच जगत होती. आपण त्यांचे फोटो विहारात लावतो. मग मास्तरांत आणि त्यांच्यात फरक कशाचा? मांडवाचा आणि सतरंजीचा काय?

आम्ही पुष्कळ विचार केला. मागण्यात आणि गाण्यात फरक आहे, आणि तो पैशात नाही. अंगावर आसूड ओढून, देवीचा कोप दाखवून, लोकांच्या भीतीवर हात पसरणे वेगळे. लहान पोर कडेवर घेऊन सिग्नलला काच ठोठावणे वेगळे. पोराला पुढे करणे तर बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७६ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याबाबत आमची अजिबात सहानुभूती नाही. दोरीवर चालणारी सात वर्षांची मुलगी शाळेत दिसली पाहिजे. पण सुरात गाणे, ऐकणाऱ्याला ऐकू देणे, आणि ज्याला द्यावेसे वाटेल त्याने द्यावे, न वाटेल त्याने जावे, यात कोणाची मान खाली जाते? मास्तर कोणाच्या मागे धावत नाहीत. त्यांना दिसतही नाही कोण देऊन गेले.

आणखी एक गोष्ट बोलून टाकतो. आषाढात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते, दुसऱ्या दिवशी महामार्गाने पुण्याकडे जाते. तेव्हा वाहतूक वळवली जाते, आणि ते योग्यच आहे. १४ एप्रिलला पिंपरीच्या पुतळ्यापाशी आपल्यासाठीही रस्ता मोकळा करून देतात. लाखोंनी गायले की रस्ता मिळतो. एकट्याला तीन फूट पदपथ मिळत नाही. तो एकटा म्हणून आपण तरी त्याच्या बाजूला उभे राहिले पाहिजे होते, आणि आम्ही नेमके उलटे केले.

स्पीकर परत मिळाला का, असे पुष्कळ जण विचारतात. मिळाला, एकोणीस दिवसांनी. आम्ही लेखी अर्ज दिला, कोणत्या कलमाखाली वस्तू ठेवली ते कळवावे आणि जप्तीची पावती द्यावी एवढेच विचारले. उत्तर आले नाही, स्पीकर आला. बॅटरी गेलेली होती.

यातून आम्ही शिकलो ते असे की भांडण्याआधी कागद मागावा. कोणी उठवले तर शांतपणे उठावे, आणि मग विचारावे : मनाई आदेश आहे का, कोणत्या तारखेपर्यंत, वस्तू नेली तर पंचनामा कुठे आहे. कोणी भीक कायद्याखाली पकडले तर त्या माणसाला स्थिर पत्ता आहे, घर आहे, समाज आहे, हे लगेच दाखवावे लागते. म्हणून मंडळाने मास्तरांना ओळखपत्र दिले आहे. ते सरकारी नाही, त्याने कायदा बदलत नाही. पण चौकीत त्यांच्याबरोबर कोण येईल त्या दोघांची नावे त्यावर आहेत. थेरगाव-काळेवाडी पट्ट्यात आणखी कोणी वासुदेव, गोंधळी, ढोलकीवाला असेल तर त्यालाही ते द्यावे, जात विचारू नये, असे आम्ही सुचवले आहे. भटक्या-विमुक्तांची ही मंडळी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग १९५२ नंतरही अंगावर वागवत आहेत. चौकीचा धाक त्यांना आपल्याहून अधिक आहे.

आता कामाचे बोलतो. राज्य सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे, तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, आणि २०२४ पासून महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. मास्तर वयात बसतात, उत्पन्नात बसतात. अडते ते पुराव्यापाशी. कलेची सेवा किती वर्षे केली त्याचे दाखले, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणे लागतात. रस्त्यावर गाणाऱ्याची पत्रिका कोण छापतो? तीस वर्षे गायले, पण कागदावर एक दिवसही नाही.

म्हणून भाषण संपल्यावर मागच्या टेबलावर सचिवांकडे एक वही ठेवली आहे. ज्यांनी मास्तरांना डांगे चौकात, सोळा नंबरला, चिंचवड स्टेशनवर किंवा कुणाच्या बारशा-लग्नात गाताना ऐकले असेल, त्यांनी साधारण साल आणि ठिकाण लिहून सही करावी, आपला पत्ता द्यावा. जुन्या जयंतीचा एखादा फोटो घरात असेल, ज्यात कोपऱ्यात का होईना ढोलकी दिसते, तो पुढच्या रविवारपर्यंत आणून द्यावा. झेरॉक्स मंडळ काढेल आणि मूळ फोटो परत करेल. मास्तर आज इथे आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसले आहेत. भाषणानंतर ते दोन गाणी म्हणणार आहेत, स्पीकरशिवाय. पंचा दाराशी अंथरलेला आहे, तो आम्ही स्वतः अंथरला आहे.

जय भीम.